सामाईक भिंत: न्यू लॅनार्कच्या दगडी ओळी आणि लोकोपयोगाचा प्रश्न



एखादी जुनी दगडी इमारत वाचवायची ठरली की तिचे पुढे काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे बहुधा आधीच तयार असते. संग्रहालय करा, वाचनालय करा, नाहीतर मधल्या दोन-तीन भिंती काढून सभागृह करा. म्हणजे इमारत लोकांची झाली. गढी, वखार, कचेरी अशा वास्तूंना हे उत्तर कधी मानवते, कधी मानवत नाही. घरांच्या ओळीला मात्र, म्हणजे एकाच लांब छपराखाली भिंतीला भिंत लावून उभ्या केलेल्या राहत्या घरांना, ते बहुतेक वेळा बाधते, असे मला आज मांडायचे आहे. अशी ओळ बांधली जाते तेव्हाच ती अर्धी सार्वजनिक असते. शेजारची भिंत दोघांची, जिना सगळ्यांचा, आणि छपराची एक पाटी सरकली की पाणी कोणाच्या अंथरुणावर पडेल ते सांगता येत नाही. तिला लोकांच्या उपयोगी आणायचे, तर तिच्यात आधीपासून सामाईक काय होते, खासगी काय होते आणि त्या दोहोंचे प्रमाण कसे ठरले होते, ते आधी वाचावे लागते. हे वाचन कसे करावे आणि ते न केल्यास काय होते, यासाठी मी स्कॉटलंडमधले एक गिरणगाव घेतो: क्लाइड नदीच्या घळईतले न्यू लॅनार्क.

गावाचा इतिहास अनेकांना समाजसुधारक रॉबर्ट ओवेनच्या नावाने ठाऊक असतो, पण गाव त्याने वसवले नाही. ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल याने १७८४ मध्ये सूतकताईच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या रिचर्ड आर्कराइटला ही जागा दाखवली आणि १७८५ पासून तिथे सूतगिरण्या उभ्या राहू लागल्या. वरच्या अंगाला क्लाइडचे धबधबे आहेत. तिथले पाणी खडकातून काढलेल्या बोगद्याने आणि पाटाने गिरण्यांच्या चाकांवर आणले. घळई इतकी अरुंद की नदीकाठची सपाट पट्टी गिरण्यांनी घेतली आणि घरांना उतारावर चढावे लागले. १७९० च्या सुमारास ब्रॅक्सफील्ड रो आणि लाँग रो, १७९२ मध्ये केथनेस रो, १७९८ मध्ये घंटेचा छोटा मनोरा मिरवणारी न्यू बिल्डिंग्ज आणि १८०९ मध्ये गिरणीतल्या अनाथ मुलांसाठी नर्सरी बिल्डिंग्ज, अशा एकामागून एक ओळी झाल्या. १ जानेवारी १८०० रोजी डेलचा जावई ओवेन कारभार पाहू लागला आणि पंचवीस वर्षे त्याने तो पाहिला. ऐन भरात गावाची वस्ती अडीच हजारांच्या घरात होती. ओवेननंतर वॉकर कुटुंब, मग १८८१ पासून गूरॉक रोपवर्क कंपनी असे मालक बदलत गेले. १९६८ मध्ये गिरण्या बंद पडल्या. २००१ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या दोन तारखांच्या मधली तेहेतीस वर्षे, आणि खरे तर त्यांच्याही आधीची पाच, हा माझ्या विवेचनाचा गाभा आहे.

आधी या ओळींची बांधणी पाहू. स्थानिक वालुकाश्माचे अनघड तुकडे चुन्यात बसवून जाड भिंती रचल्या आहेत. कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांच्या कडांना घडीव दगड. वर पाटीच्या दगडाचे छप्पर. दर्शनी भागावर नक्षी नाही, खांब नाहीत, कमानीही नाहीत. तरीही ओळ देखणी दिसते, याचे कारण तिची लय. ठरावीक अंतरावर खिडकी, ठरावीक अंतरावर जिन्याचे दार, आणि छपरावर त्याच मापाने उगवणारी धुराडी. बाहेरून दिसणाऱ्या या लयीचा उगम आत आहे. ओळीला काटकोनात जाणाऱ्या सामाईक भिंतींनी तिचे खण पाडलेले असतात. प्रत्येक खणातल्या चुलींचा धूर या भिंतींच्या पोटातल्या नळांतून वर जातो. लांब दर्शनी भिंती बाहेर झुकू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवण्याचे कामही याच भिंती करतात. म्हणजे ही भिंत एकाच वेळी दोन घरांमधली हद्द आहे, धुराडे आहे आणि आधारही आहे. तिला मोठे भगदाड पाडून आतली जागा सलग करायची तर वरचे सगळे वजन एखाद्या तुळईवर घेऊन तिच्या दोन टोकांशी उतरवावे लागते. अनघड दगडाच्या चुनेगच्ची भिंतीला पसरलेले वजन पेलते. एका जागी एकवटलेले वजन ती नाखुशीने घेते. गवंडीकामातली ही साधी गोष्ट सभागृहाचा आराखडा काढणाऱ्यांच्या ध्यानात बहुधा निविदा निघाल्यावर येते.

उतारामुळे आणखी एक गंमत झाली आहे. एकाच ओळीतली घरे सारख्या उंचीची नाहीत. ब्रॅक्सफील्ड रोमधल्या दहा खणांपैकी नऊ चार मजली, वर माळा. एक सरळ पाच मजली. लाँग रोमध्ये चौदा खण. त्यांतले दहा तीन मजल्यांचे, चार दोन मजले आणि माळ्याचे. छपराची रेषा शक्य तितकी सरळ ठेवायची आणि जमिनीचा हिशेब खाली चुकता करायचा, असे ते गणित आहे. नगररचनेच्या पुस्तकांत न्यू लॅनार्कला 'आदर्श वसाहत' म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे काटकोनांचा नकाशा येतो. प्रत्यक्षात इथला नकाशा नदीच्या वळणाने आणि डोंगराच्या चढाने आखलेला आहे. त्यात आदर्श असे काही असेल तर ते दगडात नाही, गावाच्या व्यवहारात होते.

आता त्या व्यवहाराकडे. या खणांत एका कुटुंबाला बहुधा एकच खोली मिळे. एका जिन्यावर अनेक कुटुंबे. भिंतीत बसवलेले पलंग, एक शेगडी, पाणी बाहेरून, शौचकूप बाहेर. आजच्या कोणत्याही मापाने ही दाटीच आहे, आणि ओवेनच्या काळातही ती दाटीच होती. तरीही ओवेनने घरे फोडून मोठी केली नाहीत. काही खोल्या वाढवल्या, मजले चढवले, पण घराचे माप मूलतः तेच राहिले. त्याने घराबाहेर बांधले. १८१३ मध्ये गावाचे दुकान निघाले: घाऊक खरेदी, रास्त भाव आणि नफा शाळेला. १ जानेवारी १८१६ रोजी 'चारित्र्य घडवणारी संस्था' असे भारदस्त नाव असलेली इमारत उघडली. १८१७ मध्ये स्वतंत्र शाळा झाली. चालू लागलेले मूल शिशुशाळेत जाई, दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेत नसत, कामाचे तास पावणेअकरांवर आणले होते, आणि संध्याकाळी त्याच संस्थेत व्याख्याने, गाणे, नाच चाले. कामगारांच्या वेतनातला साठावा हिस्सा आजारपणाच्या निधीत जाई. हे सगळे ओवेनच्या उदारतेचे दाखले म्हणून सांगितले जाते. वास्तुरचनेच्या नजरेने त्याचा अर्थ वेगळा लागतो. एका खोलीतले कुटुंब तगू शकले, कारण त्या खोलीवरचा भार बाहेरच्या सामाईक इमारतींनी उचलला होता. मूल दिवसभर शाळेत, वाणसामान कोपऱ्यावर, करमणूक संस्थेत. घराची खोली आणि गावाचे सभागृह ही एकाच वास्तूची दोन अंगे होती. त्यांतले एक तोकडे होते म्हणूनच दुसरे ऐसपैस होते.

हे ध्यानात घेतले की पुढची घसरण नीट समजते. विसाव्या शतकात बाहेरच्या जगात कामगारांची घरे सुधारत गेली. इथली खोली जवळपास तीच राहिली. १९३३ मध्ये घरात थंड पाण्याचे नळ आले आणि शौचाची सोय इमारतीत झाली. राष्ट्रीय वीजवाहिनीशी गाव जोडले गेले ते १९५५ मध्ये. शाळा-दुकानांनी एके काळी जो भार उचलला होता तो आता नगरपालिका, सरकार आणि लॅनार्कचा बाजार उचलत होते, आणि त्यासाठी कोणी घळईत एका खोलीत राहायला हवे असे उरले नव्हते. सामाईकपणाचे बळ गेले आणि दाटी तेवढी शिल्लक राहिली. लोक वर चढून निघून गेले. गिरणी बंद पडल्यामुळे गाव ओस पडले असे ढोबळपणे म्हटले जाते. पण घरांची दुरवस्था गिरणी चालू असतानाच इतकी झाली होती की त्यासाठी १९६३ मध्येच न्यू लॅनार्क असोसिएशन ही गृहसंस्था स्थापन करावी लागली. गिरणी पाच वर्षांनी बंद पडली.

त्या गृहसंस्थेने पहिल्यांदा हात घातला तो केथनेस रो आणि नर्सरी बिल्डिंग्जला. संग्रहालय काढावे, ओवेनचे स्मारक करावे असा मोह तेव्हाही पडला असता. विषय तसा होताच. तिने भाड्याची घरे केली. जुन्या लहान खोल्या एकमेकींत मिळवून राहण्याजोगी घरे बनवली, पण खणांच्या सामाईक भिंती, जिने आणि दर्शनी लय कायम ठेवली. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या न्यू लॅनार्क कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने पुढे ब्रॅक्सफील्ड रो आणि लाँग रो हाती घेतल्या, तेव्हा हाच नियम उभा वळवला. ब्रॅक्सफील्ड रोचे दहा खण आज दहा स्वतंत्र घरे आहेत. ज्या खणात पूर्वी प्रत्येक मजल्यावर वेगळी बिऱ्हाडे होती तो पायापासून माळ्यापर्यंतचा उभा काप आता एका कुटुंबाचा झाला. मजल्यांमधला संबंध बदलला. भिंतींमधला बदलला नाही. लाँग रोच्या चौदांपैकी काही घरे भाड्याने गेली, बाकीची मालकीची. वी रो या छोट्या ओळीत प्रवाशांसाठी वसतिगृह निघाले, आणि तेही खणांच्या मापाला धरूनच. वसतिगृहाला लहान खोल्याच लागतात.

मोठ्या जागा ज्यांना लागतात ते उपयोग मोठ्या जागांतच गेले, ही या गावाची दुसरी शहाणीव. गिरण्यांचे मजले यंत्रांसाठी बांधलेले. खांबांच्या रांगा सोडल्या तर सलग मोकळे. पहिल्या गिरणीचे वरचे दोन मजले १९४५ मध्ये उतरवले होते. ते पुन्हा चढवून १९९८ मध्ये तिथे हॉटेल उघडले. तिसऱ्या गिरणीत प्रदर्शने आली आणि तिथल्याच जलचक्रीवर वीज निघू लागली. ओवेनची संस्था सभा-समारंभांसाठी आणि पाहुण्यांसाठी पुन्हा उघडली. गर्दी जिथे पूर्वीही होती तिथेच ती राहिली. बिऱ्हाडांच्या जागी बिऱ्हाडेच राहिली. दिसायला साधी, पण अशा प्रकल्पांत विरळाच दिसणारी वाटणी. अनुदान देणाऱ्याला उद्घाटनाची फीत कापण्यासाठी दालन हवे असते. भाडेकरूच्या स्वयंपाकघरात फीत कापता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते कच्चे नाहीत. पहिला आक्षेप सच्चेपणाचा. कामगारवस्तीचे सर्वांत मोठे सत्य तिची दाटी होती. तुम्ही चार बिऱ्हाडांची जागा एका कुटुंबाला दिलीत, आत नळ, न्हाणीघर, उष्णता आणलीत, बाहेरचा दगड तेवढा जपलात. मग वाचले काय? इतिहासाचे कातडेच ना? आक्षेप घेणाऱ्याचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. दाटी ही वास्तूची घडण नव्हती; ती तिच्यावर लादलेली भाडेकराराची अट होती. १७९० मध्ये मालकाने ठरवले असते तर त्याच खणात दोन कुटुंबे राहिली असती. दगडाने जे ठरवले होते ते म्हणजे खणाची रुंदी, भिंतीची जाडी, उजेडाची दिशा, जिन्याचा चढ. आणि ते शाबूत आहे. जे माणसांनी ठरवले होते ते माणसांनी बदलले. अर्थात दाटीची स्मृती पुसून टाकावी असे नाही. ती गावातच जपली आहे: गिरणीकामगाराचे घर १८२० च्या आणि १९३० च्या दशकांत कसे होते ते मांडून ठेवले आहे आणि ते पाहायला लोक येतात. एक खण साक्षीला ठेवावा आणि बाकीचे राहते करावेत, हे प्रमाण मला रास्त वाटते. उलट सगळ्या ओळी साक्षीला बसवल्या तर त्यांच्या छपरांची डागडुजी तिकिटाच्या पैशावर चालवावी लागेल, आणि पाऊस तिकीटविक्रीची वाट पाहत नाही. ओळ ढासळू लागली की काय होते ते मँटिला रो या ओळीने दाखवले आहे. धोकादायक झाली म्हणून ती पाडावी लागली. आता तिच्या जागी पाया आणि आधारभिंत तेवढी आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि याच्यापुढे मला थोडी माघार घ्यावी लागते. सार्वजनिक निधी, धर्मादाय संस्था, सरकारी अनुदान यांच्या बळावर उभी राहिलेली घरे खासगी मालकीत कशी? ब्रॅक्सफील्ड रोमधले घर विकत घेणाऱ्याला लोकांच्या पैशाने सांभाळलेला परिसर मिळतो आणि उद्या ते विकताना वाढलेली किंमत त्याच्या खिशात जाते. यावर संस्थेच्या बाजूने सांगण्यासारखे हे की घरमालकावर बंधनेही पडतात. बाहेरचे सगळे लाकूडकाम पांढरे, दारे-खिडक्या ठरलेल्या नमुन्याच्या, छपरावर अँटेना नाही, तबकडी नाही. दूरचित्रवाणी, दूरध्वनी, वीज सगळे जमिनीखालून. म्हणजे दर्शनी भाग त्याच्या मालकीचा असूनही त्याच्या मर्जीचा नाही. मालकीचे असे दोन भाग पाडून मोठ्या दुरुस्तीचा आतला खर्च रहिवाशावर टाकणे ही एका अर्थाने हुशारीच होती. ट्रस्टला सगळ्या ओळी एकटीला पेलल्या नसत्या. तरीही मालकीच्या घरांपुरता लोकोपयोगाचा दावा रस्त्याकडच्या भिंतीपाशीच संपतो, हे मान्य केले पाहिजे. या गावाला वस्ती म्हणवून घेण्याचा अधिकार जो आहे, तो मुख्यतः १९६३ च्या भाड्याच्या घरांमुळे. तिथे चावी बदलत राहते, आणि चावी मिळण्याची अट खिशाची खोली ही नसते. दोन्ही प्रकारांची सरमिसळ ठेवली हे बरे झाले. मला विचाराल तर भाड्याचा वाटा मोठा असता तर अधिक बरे झाले असते.

तिसरा आक्षेप अधिक खोल जातो. ओवेनचे गाव हे पाळतीचे गाव होते. गिरणीत प्रत्येक कामगाराच्या डोक्याशी चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगलेला असे. काळा म्हणजे वाईट, निळा बेताचा, पिवळा चांगला, पांढरा उत्तम. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे त्याची बाजू फिरवली जाई. घरांच्या स्वच्छतेची तपासणी करणारी समिती दारोदार फिरे, आणि गावच्या बायका तिला ढेकूणशोधे म्हणत. केथनेस रोच्या टोकाला हिशेबाची कचेरी आहे, म्हणजे ओळीच्या एका अंगाला बिऱ्हाडे आणि टोकाला पगार मोजणारा. अशा नियंत्रणाचे दगडी यंत्र जपायचे आणि त्यालाच वस्तीचा आदर्श म्हणायचे, हे कितपत शोभते? माझे उत्तर असे की वास्तूतला नियंत्रणाचा भाग कोणता ते नेमके दाखवता येते, आणि तो भाग आता काम करत नाही. मालक एकच होता. तो नोकरी देई, घर देई, दुकान चालवी, शाळा चालवी. नोकरी गेली की घरही गेले. दहशत भिंतीत नव्हती, या एकवटलेल्या मालकीत होती. १९६८ नंतर ती साखळी तुटली. भाडेकरू आज गिरणीचा नोकर नाही आणि घर टिकवण्यासाठी त्याला ठोकळ्याचा रंग सांभाळावा लागत नाही. ओवेनच्या योजनेतला सामाईक जिना तेवढा उरला आणि मालकाची नजर निघून गेली, असे जर झाले असेल, तर रूपांतराने मूळ वास्तूपेक्षा चांगले काम केले असे म्हणायला हरकत नसावी. मात्र इथे एक सावधगिरी हवी. ट्रस्ट हीदेखील गावातली फार मोठी मालक आहे. खिडकीचा रंग ठरवणारी संस्था उद्या रहिवाशांच्या इतर गोष्टीही ठरवू लागते. एके काळी इथे कुत्रा पाळायला बंदी होती, पुढे ती अंमलात राहिली नाही. अँटेना नको हे मला पटते, कारण छपराची रेषा सगळ्यांची आहे. कुत्रा ज्याचा त्याचा.

चौथा आक्षेप पाहुण्यांचा. राहत्या ओळींपुढून पर्यटक फिरतात, खिडक्यांत डोकावतात. मग ही वस्ती की देखावा? ही तक्रार नवी नाही. ओवेनच्या काळातही हजारो पाहुणे गाव पाहायला येत आणि मुलांचा नाच पाहायला सभागृहात उभे राहत. पुढे रशियाचा झार झालेला निकोलस १८१६ मध्ये येऊन गेला. पाहुण्यांना जागा ठरवून दिली की त्रास आटोक्यात राहतो. हॉटेल, प्रदर्शने, दुकान सगळे नदीच्या बाजूला, बिऱ्हाडे उतारावर. हॉटेलचे उत्पन्न ओळींच्या उपयोगी पडते आणि राहती खिडकी हॉटेलच्या उपयोगी, कारण रिकाम्या गावात रात्र काढायला कोणी येत नाही. टीका करण्यासारखे काही असेल तर ते इतरत्र आहे: इंजिनघर आणि तिसरी गिरणी जोडणारा काचेचा पूल, दुकानांच्या पाट्या. त्यांच्यावर टीका झालीही, आणि ती योग्य होती. त्या काचेला त्या दगडांत शोभा नाही. पण ती गिरण्यांच्या अंगाला आहे. राहत्या ओळींना असला अलंकार चढवायची गरज कोणालाच पडली नाही, कारण त्यांच्याकडे रोजचे काम होते.

आता माझ्याच मांडणीला अडचणीत आणणारी ओळ. डबल रोमध्ये सात पाच मजली खण आहेत आणि ते पाठीला पाठ लावून उभे आहेत. एक रांग नदीकडे तोंड करून, दुसरी उलट दिशेला, मधली उभी भिंत दोघींची. इथे सामाईक भिंत बाजूला आहेच, पाठीलाही आहे, म्हणून प्रत्येक घराला उजेड आणि वारा एकाच अंगाने मिळतो. खण जसाच्या तसा ठेवा, हा नियम इथे शब्दशः पाळला तर अंधारी, कोंदट घरे जन्माला येतील. पाठीची भिंत जागोजाग उघडली तर आरपार हवा येते, पण पाठीला पाठ हा या वास्तूचा प्रकारच पुसट होतो. माझ्या मते इथे पाठीची भिंत उघडावी आणि बाजूच्या भिंती राखाव्यात. कारण धुराडी आणि जिने बाजूच्या मापाने जातात. लय तिथे आहे. पाठीच्या भिंतीने जमिनीची काटकसर केली, याहून फारसे काही केले नाही. खणाचे माप राखणे म्हणजे प्रत्येक भिंत पवित्र मानणे असे मी म्हणत नाही. कोणती भिंत वास्तूची आणि कोणती मालकाच्या कंजुषीची, हे निवडणे म्हणजे वाचन.

ही निवड करण्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. एडिंबरोच्या जुन्या दगडी गल्ल्यांत नगररचनाकार पॅट्रिक गेडीसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच केले: सरसकट पाडापाड न करता एखादी कुजकी खोली काढायची, थोडा उजेड आत सोडायचा, बाकीची वस्ती जागेवर दुरुस्त करायची आणि तिथे विद्यार्थ्यांना, कामगारांना राहायला बोलवायचे. तोच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राच्या नव्या विभागाचा प्रमुख झाला. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे विद्यार्थी. म्हणजे ही विचाररीत मुंबईच्या वर्गात शिकवली गेली, ती परळ-लालबागच्या चाळी कामगारांनी खच्चून भरलेल्या असताना.

म्हणून साहजिकच विचारले जाईल की न्यू लॅनार्कचा धडा मुंबईच्या गिरणगावाला का लागू झाला नाही. इथे साम्य जितके आहे तितकेच वेगळेपण आहे, आणि त्यात चाळीचा सामाईक सज्जा विरुद्ध तिकडचा सामाईक जिना हा वास्तूचा फरक सर्वांत लहान. मोठा फरक जमिनीचा. न्यू लॅनार्कच्या घळईतली जागा कोणालाच नको होती. १९७० मध्ये गिरण्या विकल्या गेल्या त्या भंगार धातू गाळणाऱ्या कंपनीला. १९८३ मध्ये सक्तीच्या खरेदीने त्या परत मिळवता आल्या, कारण त्या जागेवर मनोरे बांधायला कोणी टपलेले नव्हते. मुंबईत १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांची जमीन हीच सर्वांत मौल्यवान वस्तू ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जागेपुरती आक्रसली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या सगळ्या वादात लोकांचा हिस्सा चौरस मीटरांत मोजला गेला. उभ्या इमारतींपैकी कोणती कोणत्या उपयोगाला आपल्या घडणीने योग्य आहे, कुठे बिऱ्हाडे राहू शकतात आणि कुठे सभा भरू शकते, हा प्रश्न नियमावलीच्या भाषेत बसतच नव्हता. न्यू लॅनार्कमध्ये तो विचारता आला, याचे बरेचसे श्रेय तिथल्या स्वस्त जमिनीला आहे, तिथल्या माणसांच्या शहाणपणाला थोडे कमी. तरीही स्वस्त जमिनीवरही लोक संग्रहालये उभारतातच; १९६३ मध्ये त्या गृहसंस्थेने भाड्याची घरे निवडली, हे जमिनीने ठरवलेले नव्हते.